शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधकाचे मोल

१९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वेंकटरामन रामकृष्णन नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी पदार्थविज्ञान विषय घेऊन बी. एस्सी. झाला. त्याचा जन्म तमिळनाडूतील चिदंबरम येथला. परंतु आईवडील दोघेही बडोदे येथे शास्त्रज्ञ म्हणून काम करीत असल्याने त्याचे बालपण व शिक्षण तेथेच झाले. पुढे तो अमेरिकेस गेला व १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून त्याने पदार्थविज्ञानातील पीएच. डी. मिळविली. त्यानंतर तो जीवशास्त्राकडे वळला. येल विद्यापीठातील उमेदवारीच्या काळात अध्यापकाची जागा मिळावी म्हणून त्याने सुमारे पन्नास ठिकाणी अर्ज केले. एकाही ठिकाणी त्याची निवड झाली नाही. याच रामकृष्णन यांना २००९ साली टॉमस स्टाइट्झ व आदा योनाथ यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या वेळी ते अर्ज करीत होते, त्या वेळी त्यांच्या नावावरील शोधनिबंध मोजले असते तर पुढील कार्याची कल्पना कोणास आली असती काय? आज हा प्रश्न एका शास्त्रज्ञापुरता राहिलेला नाही. महाविद्यालयातील शिक्षकाची नेमणूक व बढती, संशोधनासाठी मिळणारे अनुदान, विद्यापीठाची प्रतवारी या सर्व ठिकाणी शोधनिबंधांची संख्या व त्यांना मिळालेले संदर्भोल्लेख विचारले जातात. ज्या पैशातून हे संशोधन चालते तो जनतेचा असतो. तेव्हा हे माप कसे घेतले जाते, त्यावर कोठवर विसंबावे आणि कोठे थांबावे, हे शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी तर जाणावेच. पण ज्यांची मुले या महाविद्यालयांत शिकतात त्या ग्रामस्थांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

संदर्भोल्लेख म्हणजे काय?

संशोधक आपले काम शोधनिबंधाच्या रूपाने एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध करतो. निबंधाच्या अखेरीस, आपण कोणाच्या पूर्वीच्या कामाचा आधार घेतला त्याची यादी तो देतो. या यादीत एखाद्या जुन्या निबंधाचे नाव आले म्हणजे त्या निबंधास एक संदर्भोल्लेख मिळाला असे म्हणतात. विहिरीवर किती पोहरे पडतात त्यावरून तिच्या पाण्याचा उपयोग किती होतो हे जसे समजते, तसेच काहीसे हे आहे.

अशा उल्लेखांची मोजदाद करण्याची विद्या ग्रंथालयांच्या अंगणात वाढली. त्या अंगणाशी बडोद्याचा जुना संबंध आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची शास्त्रीय मांडणी करविली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक तेथून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. पुढे १९४८ साली डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामास गणिती मापे लावण्याच्या शास्त्रास ‘लायब्रामेट्री’ असे नाव सुचविले. यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ मध्ये संदर्भोल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची नियमित निघू लागली. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, हे त्या सूचीमुळे प्रथमच सहज शोधता येऊ लागले. गारफिल्ड यांचा मूळ हेतू वाचकास आवश्यक ते निबंध सापडावेत हा होता. माणसांची प्रतवारी लावण्याचे साधन म्हणून तिचा वापर नंतर वाढला.

भारतातही हे शास्त्र रुजले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ग्रंथालय-तज्ज्ञांनी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या समग्र लेखनाची पाहणी केली. शास्त्रज्ञाने कोणत्या वयात किती लिहिले, कोणाच्या सहकार्याने लिहिले, कोणत्या नियतकालिकांत लिहिले, याचे संगतवार चित्र अशा पाहणीतून उभे राहते.

दूध संस्थेचा दाखला

हे मोजमाप समजण्यास गावच्या दूध संस्थेचा दाखला उपयोगी पडेल. सभासदाने किती दूध घातले ते लिटरच्या मापाने कळते. ते दूध कसे आहे ते फॅटच्या चाचणीने कळते. केवळ लिटरवर भाव दिला तर दुधात पाणी वाढते, हा अनुभव सर्वांचा आहे. शोधनिबंधांची संख्या हे लिटरचे माप झाले. संदर्भोल्लेख ही फॅटची चाचणी म्हणता येईल. दोहोंचा मेळ घालण्यासाठी जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातील पदार्थवैज्ञानिकाने २००५ साली एक युक्ती सुचविली. तिला एच-निर्देशांक म्हणतात.

त्याची रीत सोपी आहे. संशोधकाचे निबंध संदर्भोल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लिहावेत व त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. ज्या शेवटच्या क्रमांकावरील निबंधास निदान त्या क्रमांकाइतके उल्लेख मिळाले असतील, तो क्रमांक म्हणजे एच-निर्देशांक होय.

समजा, एका प्राध्यापकाचे ८ निबंध असून त्यांस अनुक्रमे ४०, २२, ११, ७, ५, ४, १ व ० असे उल्लेख मिळाले आहेत. पाचव्या निबंधास ५ उल्लेख आहेत. सहाव्यास मात्र ६ ऐवजी ४ च आहेत. म्हणून त्यांचा एच-निर्देशांक ५ होतो. एकूण उल्लेख ९० भरतात.

दुसऱ्या प्राध्यापकाचे ३० निबंध आहेत व प्रत्येकास ३ उल्लेख मिळाले आहेत. येथेही एकूण उल्लेख ९० च आहेत. पण चौथ्या निबंधास ४ उल्लेख नसल्याने एच-निर्देशांक ३ येतो. निबंधांची संख्या जवळजवळ चौपट असूनही निर्देशांक कमी आला. नुसत्या संख्येला हे माप भुलत नाही, हा त्याचा गुण होय.

आता तिसरे उदाहरण पाहावे. एका संशोधकाचे तीनच निबंध आहेत. त्यांस ३००, ४५ व २ उल्लेख मिळाले आहेत. त्याचा एच-निर्देशांक २ येतो. ३०० उल्लेखांचा निबंध लिहिणारा हा मनुष्य आपल्या तीन प्राध्यापकांत सर्वांत खाली गेला! ज्याचे तीनच निबंध आहेत त्याचा निर्देशांक तीनच्या वर कधीही जाऊ शकत नाही. शिवाय हा निर्देशांक वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. त्यामुळे तरुण संशोधकाची तुलना निवृत्तीस आलेल्या संशोधकाशी या मापाने करणे अन्यायाचे ठरते.

नियतकालिकाचे माप माणसाला लावू नये

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे आणखी एक माप प्रचारात आहे. हे संशोधकाचे नसून नियतकालिकाचे आहे. मागील दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, ते त्यातून कळते. ग्रंथपालास कोणते नियतकालिक घ्यावे हे ठरविण्यास ते उपयोगी पडते. परंतु पुष्कळ ठिकाणी संशोधकाची परीक्षाही त्यावरूनच केली जाते. गावातील सर्व दूध एका टाकीत ओतून त्या टाकीच्या फॅटवरून प्रत्येक सभासदाला भाव द्यावा, तसा हा प्रकार आहे. उत्तम नियतकालिकातील अनेक निबंधांना फारसे कोणी विचारीत नाही, आणि सामान्य नियतकालिकातील एखादा निबंध पुढे मोलाचा ठरतो. २०१२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व शास्त्रज्ञांनी याविषयी एक जाहीरनामा तयार केला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीच्या कामाचा दर्जा नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नये, हे त्याचे मुख्य सांगणे आहे.

वीस वर्षे वाट पाहिलेला निबंध

संदर्भोल्लेखांच्या मापाची मोठी अडचण काळाची आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजरातमधील तरुण गणिती १९४२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे सापेक्षतावादाचा अभ्यास करण्यास गेले. नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतालचे गुरुत्वाकर्षण गणिताने कसे मांडावे, या प्रश्नाचे उत्तर वैद्यांनी शोधून काढले व १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्या काळी अशा ताऱ्यांच्या अभ्यासास सापेक्षतावादाची इतकी सूक्ष्म मांडणी लागेल असे फारसे कोणास वाटत नव्हते.

१९६३ मध्ये क्वेसार या अतितेजस्वी वस्तूंचा उलगडा झाला आणि गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासास नवे दिवस आले. १९६५ साली अमेरिकेतील तीन शास्त्रज्ञांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये वैद्यांच्या मांडणीवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच वैद्यांचे नाव होते. पुढे ‘वैद्य मेट्रिक’ ही संज्ञा सापेक्षतावादाच्या ग्रंथांत रूढ झाली आणि १९९९ मध्ये वैद्यांचा जुना निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने सन्मानाने पुन्हा छापला. या निबंधाची परीक्षा तीन किंवा पाच वर्षांनी उल्लेख मोजून घेतली असती, तर त्याचे मोल कोणास कळले असते? निबंध तोच होता. बदलले ते जगाचे प्रश्न.

याच्या उलटही घडते. एखादे काम इतके सर्वमान्य होते की त्याचा उल्लेख करण्याची गरजच कोणास वाटत नाही. १९२८ मधील रामन परिणामाच्या आधारे आज असंख्य प्रयोगशाळांत पदार्थांची तपासणी चालते. परंतु तसे करणारा प्रत्येक जण रामन यांच्या मूळ निबंधाचा उल्लेख यादीत करीत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या छोट्या निबंधाची गोष्टही अशीच आहे. ‘बोसॉन’ हा शब्द सर्वत्र झाला, निबंध मात्र फार थोडे जण उघडतात. मान वाढला म्हणून उल्लेख घटले, असे येथे म्हणावे लागते.

उल्लेख म्हणजे नेहमी प्रशस्तीही नव्हे. १९८९ मध्ये साध्या तापमानास अणुसंमीलन घडविल्याचा दावा करणाऱ्या निबंधास पुष्कळ उल्लेख मिळाले, ते बव्हंशी तो दावा तपासणाऱ्यांनी व खोडून काढणाऱ्यांनी केलेले होते.

शास्त्राशास्त्रांतही मोठा भेद असतो. जीवशास्त्रात निबंध पुष्कळ व उल्लेखही पुष्कळ. गणितात दोन्ही कमी. मोठ्या प्रयोगांची तऱ्हा आणखी निराळी. हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ मधील एका निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. एकट्याने रात्री जागून गणित सोडविणारा आणि पाच हजारांतील एक, या दोघांच्या खात्यावर एकेक निबंधच जमा होतो.

नावांचा घोळ

भारतीय संशोधकांस एक अडचण विशेष जाणवते. एस. पाटील, ए. जोशी, पी. शाह अशा नावांचे अनेक संशोधक असतात आणि एकाचे निबंध दुसऱ्याच्या खात्यावर सहज जातात. विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्री-संशोधकाचे काम तर दोन खात्यांत विभागले जाते. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो. तो घेऊन आपले सर्व निबंध त्यास जोडल्यास हा घोळ पुष्कळसा टळतो. वेब ऑफ सायन्स, स्कोपस व गुगल स्कॉलर या सूच्यांची व्याप्तीही सारखी नसल्यामुळे एकाच व्यक्तीचा निर्देशांक तिन्हींत वेगवेगळा येतो. म्हणून निर्देशांकाबरोबर सूचीचे नाव व तारीख लिहिलेली असणे आवश्यक आहे.

दुधात पाणी

जे मोजले जाते ते वाढविण्याकडे माणसाचा कल होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांद्वारे शिक्षकांच्या कामगिरीस गुण देण्याची पद्धत आणली. अध्यापकांनी संशोधन करावे हा हेतू चांगला होता. परंतु गुणांच्या गरजेपोटी पैसे घेऊन, कसलीही तपासणी न करता वाटेल तो मजकूर छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. २०१८ च्या मे महिन्यात तीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात येऊन नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर व शिक्षकांवर सोपविण्यात आली.

पाणी घालण्याचे इतरही मार्ग आहेत. एका निबंधाचे तुकडे करून चार निबंध करणे, आपणच आपले उल्लेख वारंवार करणे, मित्रमंडळींनी परस्परांचे उल्लेख करण्याचा वायदा करणे, काम न करता लेखकांत नाव घालणे, हे ते मार्ग होत. यात खरी हानी विद्यार्थ्याची होते. प्रयोगशाळेत त्याच्याजवळ उभे राहून प्रयोग समजावून देणाऱ्या शिक्षकाचा तो तास कोणत्याही सूचीत लागत नाही.

सूचीत न येणारे काम

प्रा. वैद्य गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शाळेतील गणित सुधारण्यात गेला. १९६३ मध्ये स्थापन झालेले गुजरात गणित मंडळ व त्याचे ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक यांच्यासाठी त्यांनी मनापासून श्रम केले. त्यांच्या गुरूंचे पुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी खगोलशास्त्रातील संशोधनाबरोबर मराठीत विज्ञानकथा व सुबोध लेख लिहिले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये ते निवर्तले तेव्हा खेड्यापाड्यांतील ज्या वाचकांना हळहळ वाटली, त्यांतील बहुतेकांनी त्यांचा एकही शोधनिबंध वाचलेला नसेल. त्यांच्या मराठी पुस्तकांनी किती मुलांना आकाशाकडे पाहण्यास शिकविले, हे एच-निर्देशांक सांगू शकत नाही.

मापाचा योग्य वापर

यावरून मोजदाद टाकून द्यावी असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. माप नसले की ओळखीपाळखीचे राज्य येते. ज्याला वशिला नाही अशा खेड्यातून आलेल्या संशोधकास आपल्या निबंधांचा व उल्लेखांचा पुरावा उपयोगीच पडतो. म्हणून माप ठेवावे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखून. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लायडन घोषणापत्रातील दहा तत्त्वांचा गाभा हाच आहे : आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयास साह्य करावे, त्याची जागा घेऊ नये.

व्यवहारात पुढील गोष्टी सांभाळाव्यात. निवड समितीने उमेदवाराचे सर्व निबंध मोजण्यापेक्षा त्याने स्वतः निवडलेले तीन किंवा चार निबंध वाचावेत व त्यांतील त्याचा वाटा विचारावा. तुलना करावयाची तर एकाच शास्त्रातील व जवळपास सारख्याच वयाच्या संशोधकांची करावी. आकडा कोणत्या सूचीतून घेतला ते नोंदवावे आणि आपली नोंद तपासण्याची संधी उमेदवारास द्यावी. शिक्षकाने निबंध पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे संपादक कोण, तपासणी कशी होते, पैसे कशासाठी मागितले जातात, याची चौकशी करावी. मातृभाषेतील विज्ञानलेखन, प्रयोगशाळेची उभारणी व विद्यार्थ्यांची तयारी यांस स्वतंत्र स्थान द्यावे. पालकांनीही महाविद्यालयात गेल्यावर किती निबंध छापले याबरोबर प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते हे विचारावे.

रामकृष्णन यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध याच दृष्टीने बोलका आहे. पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडणे हे अनेक वर्षांचे व अपयशाची टांगती तलवार असलेले काम होते. त्यासाठी १९९९ मध्ये कमी वेतन पत्करून ते अमेरिकेतील युटा विद्यापीठातून केंब्रिजच्या प्रयोगशाळेत गेले. दीर्घ पल्ल्याच्या प्रश्नांवर शांतपणे काम करू देण्याची त्या प्रयोगशाळेची परंपरा होती. दोनदा नोबेल मिळविणारे फ्रेडरिक सँगर याच प्रयोगशाळेत काम करीत. २००० साली रायबोसोमच्या लहान भागाची रचना प्रसिद्ध झाली आणि मग उल्लेखांचा ओघ सुरू झाला. काम आधी झाले, आकडा मागून आला.

बडोद्यात त्यांना जे पदार्थविज्ञान मिळाले, ते नव्या पुस्तकांतून उत्साहाने शिकविणाऱ्या अध्यापकांकडून मिळाले, असे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. त्या अध्यापकांच्या त्या तासांचा हिशेब कोणत्याही सूचीत नाही. आज आपल्या गावातील अथवा तालुक्यातील महाविद्यालयात असा एखादा अध्यापक शिकवीत असेल, तर त्याच्या कामाची नोंद ठेवण्याची जागा आपल्या तक्त्यांत आहे काय, हे प्रत्येक निवड समितीने व प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने एकदा तपासून पाहावे.